पुढचा भाग बघावा, की पहिल्यावरच थांबावं?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की या सदरातली पत्रं गुडघेदुखी आणि मुदत ठेवी सोडून नातवंडांकडे वळतात. या वेळी बहुतेकांनी ॲनिमेशनपटांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांबद्दल विचारलं आहे. उत्तरांत काही ठिकाणी गोष्ट फोडावी लागली आहे. ज्यांना ती आधी कळायला नको, त्यांनी तेवढा मजकूर गाळून पुढे जावं.

प्रश्न : पुण्याहून नातू (वय ९) आणि नात (वय ६) महिनाभर आमच्याकडे येतात. गाजलेले पहिले भाग सगळे बघून झालेत. मूळ चित्रपटाच्या तोडीचे पुढचे भाग नेमके कोणते? आमचे चिरंजीव म्हणतात, 'ते सगळे पैसे काढायचे धंदे.'
— एक आजोबा, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : धंदा तर पहिला भागही असतो. पहिल्या भागात सगळं मिटलं असं वाटतं, तेव्हा नेमकं काय मिटायचं राहिलं हे चांगला दुसरा भाग शोधून काढतो. फसलेला भाग दोनपैकी एक चूक करतो : नायकाला पुन्हा मूळ जागी नेऊन तोच धडा नव्याने शिकवतो, किंवा पहिल्या भागात पाच मिनिटं हसवून गेलेल्या पात्राच्या गळ्यात नायकाची माळ घालतो. ही कसोटी लावली की यादी झपाट्याने लहान होते.

सगळ्यात वर 'टॉय स्टोरी २' (१९९९). पहिल्या भागात (१९९५) वुडी या बाहुल्याला धास्ती होती ती नवं खेळणं आपली जागा घेईल याची. ती मिटली. पण त्याचा लहानगा मालक अँडी मोठा होणार, हे कुठे मिटलं होतं? दुसरा भाग तेवढंच धरून बसतो. वुडी हा एका जुन्या टीव्ही मालिकेतला दुर्मीळ बाहुला निघतो आणि त्याच्यापुढे दोन वाटा येतात : टोकियोच्या संग्रहालयात काचेमागे कायमचं राहायचं, की अँडीकडे मिळतील तेवढी वर्षं काढायची. दुरुस्तीचा प्रसंग मुलांबरोबर नीट बघा. म्हातारा कारागीर खणाखणांची पेटी उघडतो, डोळे पुसून लख्ख करतो, फाटलेला हात शिवतो, गालांना रंग देतो. आणि शेवटी बुटाच्या तळव्यावरच्या अँडीच्या नावावरही तितक्याच प्रेमाने रंग फिरवतो. दुरुस्ती आणि पुसून टाकणं एकाच हाताने, एकाच कौशल्याने होतं. पुढे वुडी तो रंग खरवडून काढतो, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीलाही कोणी समजावून सांगावं लागत नाही.

चिरंजीवांना हेही सांगा : हा चित्रपट आधी थेट व्हिडिओ-कॅसेटसाठी सुरू झाला होता. नंतर तो थिएटरसाठी करायचं ठरलं, आणि शेवटच्या नऊएक महिन्यांत गोष्ट जवळजवळ नव्याने बांधली गेली. म्हणजे धंदा म्हणून सुरू झालेलं कामही सुधारता येतं. ते मोडून पुन्हा करायची तयारी लागते, एवढंच.

'टॉय स्टोरी ३' (२०१०) त्याच प्रश्नाचा हिशोब चुकता करतो आणि तोही पहिल्याच्या तोडीचा आहे. चौथ्याला (२०१९) तिसऱ्यासारखंच ऑस्कर मिळालं, पण आमच्या मते तो देखणा असूनही अनावश्यक आहे. बझसारखा गडी (पहिल्या भागातलं ते नवं खेळणं) तिथे छातीवरची बटणं दाबून 'आतला आवाज' ऐकत हिंडतो. एवढ्यावरच त्याची बोळवण केली आहे.

'श्रेक २' (२००४) पहिल्याच्या (२००१) बरोबरीचा, विनोदात किंचित सरस. पहिला भाग लग्नावर संपतो. दुसरा जावयाला सासुरवाडीला नेतो. जेवणाच्या टेबलावर सासरा-जावयाची जी जुंपते, ती बघायला आजोबा-आजींनी जरूर बसावं. तिसरा (२००७) आणि चौथा (२०१०) नाही बघितला तरी काही बिघडत नाही.

'कुंग फू पांडा २' (२०११) हा मात्र लोकांनी उगाच कमी लेखलेला चित्रपट. पांडाचा बाप हंस कसा, हा पहिल्या भागातला (२००८) विनोद होता. तिथे कोणी विचारत नाही. दुसऱ्यात पांडा पो स्वतः विचारतो आणि उत्तर मुळ्याच्या एका खोक्यापाशी सापडतं. आठवणीतले प्रसंग जुन्या पद्धतीच्या सपाट चित्रांत आहेत, त्यामुळे 'हे पूर्वी घडलंय' हे लहानांना न सांगता कळतं. तोफा बनवणारा मोर खलनायक म्हणून पहिल्या भागातल्या बिबट्यापेक्षाही भारी आहे. तिसरा (२०१६) ठीक. चौथ्यात (२०२४) पाचही साथीदार जवळजवळ गायब आहेत, तो सोडा.

'इन्क्रेडिबल्स २' (२०१८) आणि 'फाइंडिंग डोरी' (२०१६) हे पाऊण वाटेपर्यंतचे. 'इन्क्रेडिबल्स २' मध्ये बाळ आणि रॅकूनची मारामारी अफलातून, पण खलनायक कोण ते मोठ्या माणसाला फार लवकर कळतं. 'डोरी' शेवटी ऑक्टोपसने ट्रक चालवण्यापर्यंत घसरतो. (त्या ऑक्टोपसला सातच हात आहेत, कारण संगणकावरच्या आकृतीत आठवा बसेना, मग ते कथेतच घालून टाकलं.)

लावण्याचा क्रम : 'पांडा २', 'श्रेक २', 'टॉय स्टोरी २' आणि मग काही दिवसांनी 'टॉय स्टोरी ३', तो दिवसा. पहिला भाग बघून वर्ष उलटलं असेल तर आदल्या दिवशी तो पुन्हा लावा. 'इन्क्रेडिबल्स'च्या बाबतीत तर हे करायलाच हवं, कारण मधे १४ वर्षं गेली असली तरी दुसरा भाग पहिल्याच्या शेवटच्या प्रसंगातूनच सुरू होतो.

प्रश्न : माझा भाऊ दिवाळीत गेला. भाचा आठ वर्षांचा आहे. 'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन' त्याचा जीव की प्राण. दुसरा भाग लाव म्हणून मागे लागला आहे. लावू का?
— एक आत्या, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : यंदा नको. चित्रपट (२०१४) उत्तम आहे, पहिल्याच्या (२०१०) तोडीचा आहे, आणि म्हणूनच नको. त्यात नायकाचे वडील मरतात, तेही नायकाच्या लाडक्या ड्रॅगनच्या आगीने. ड्रॅगन त्या क्षणी दुसऱ्याच्या ताब्यात असतो, पण आठ वर्षांच्या मुलाच्या मनात ही फोड होईलच असं नाही. पाठोपाठ नावेवरचा अंत्यविधी आहे, पेटते बाण सोडलेले. हा प्रसंग पुढे पळवून टाळता येत नाही, कारण उरलेली सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. तिसऱ्या भागातही (२०१९) वडील आठवणींमधून येतात.

आई-बाप गमावण्याचा धागा आणखी कुठे आहे तेही लक्षात असू द्या. 'पांडा २' मध्ये आई बाळाला लपवून लांडग्यांना स्वतःच्या मागे पळवते. 'इन्क्रेडिबल्स २' मध्ये वडिलांच्या खुनाची हकिगत येते. 'श्रेक ३' मध्ये राजाचं मरण आहे, विनोदी ढंगाने असलं तरी. सध्या बिनधास्त लावण्यासारखे : 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी' (२०१३), 'श्रेक २', 'टॉय स्टोरी २'. पुढे त्याने स्वतः पुन्हा 'ड्रॅगन'चा विषय काढला, तर काय होतं ते आधी सांगून, शेजारी बसून बघा. धक्का म्हणून ते त्याच्यापुढे येऊ देऊ नका.

प्रश्न : मुलीला फिट्सचा त्रास आहे. कुठल्या चित्रपटात लखलखाट जास्त असतो?
— एक वाचक, देवास

उत्तर : दोन नावं ठळक : 'इन्क्रेडिबल्स २' आणि 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (२०२३). पहिल्यात पडद्यांवरून माणसांना भारून टाकणारा खलनायक आहे. त्याच्याशी बंद खोलीत होणारी मारामारी सबंध उघडझाप करणाऱ्या प्रकाशात आहे. प्रदर्शनाच्या वेळी परदेशात थिएटरांनी बाहेर सूचना लावल्या होत्या. दुसऱ्यात असे तुकडे जागोजागी आहेत, एखाद-दुसरा टाळून भागत नाही. प्रत्येक फिट प्रकाशामुळे येते असं नाही. मुलीची त्या प्रकारची आहे का, हे तिच्या डॉक्टरांनाच विचारा. तोवर हे दोन्ही नकोत. इतर चित्रपट लावताना खोलीत दिवा चालू ठेवा आणि तिला टीव्हीपासून लांब बसवा. अचानक लखलखाट आलाच तर तिने एका डोळ्यावर तळहात घट्ट धरून मान वळवावी. नुसते डोळे मिटल्याने पुरत नाही, उजेड पापण्यांतून आत जातो.

प्रश्न : नवा ५५ इंची टीव्ही घेतला. 'पुस इन बूट्स : द लास्ट विश' लावला तर मारामारीत चित्र अडखळतं. दुकानदार नेटवर ढकलतो, नेटवाला टीव्हीवर. दोष कुणाचा?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. आधी एक पाहा : चित्र अडखळताना आवाज सलग चालू राहतो का, आणि साध्या बोलण्याच्या प्रसंगात चित्र सरळ दिसतं का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर नेट ठीक आहे. नेट कमी पडलं की आधी चित्र पुसट होतं, मग चक्र फिरतं आणि आवाजही थांबतो.

खरं कारण चित्रपटातच आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे स्थिर चित्रं, जातात. संगणकी ॲनिमेशनमध्ये सहसा प्रत्येक चौकटीत पात्राची नवी ठेवण असते. 'द लास्ट विश'च्या (२०२२) हाणामारीत एकेक ठेवण मुद्दाम जास्त चौकटी धरून ठेवली आहे. हालचाल हाताने काढलेल्या चित्रांसारखी तुटक, ठसठशीत दिसावी म्हणून. ही तऱ्हा 'स्पायडर-व्हर्स'च्या पहिल्या भागापासून (२०१८) रूढ झाली. तिथे तर तिला अर्थही आहे : नवशिका स्पायडर-मॅन माइल्स सुरुवातीला सेकंदाला १२ ठेवणींत हलतो, मुरलेला पीटर २४ मध्ये. माइल्सला जमायला लागतं तशी त्याची हालचालही सफाईदार होते.

आता तुमचा टीव्ही काय करतो? दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या कल्पनेने जादा चौकटी भरतो. क्रिकेटला ते बरं दिसतं. पण इथे धरून ठेवलेल्या ठेवणी बघून त्याचा अंदाज चुकतो. एक क्षण लोण्यासारखं, पुढच्या क्षणी झटका, आणि पात्राच्या कडेला धुरकट प्रभावळ. ही सोय बंद करा. ती चित्राच्या सेटिंगमध्ये असते; सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' अशा नावांनी. चित्रपट चालू असतानाच सेटिंग उघडा, कारण बऱ्याच टीव्हींत प्रत्येक मोडचं आणि प्रत्येक जोडणीचं सेटिंग वेगळं साठवलं जातं; सेट-टॉप बॉक्सवर बदललेलं ॲपला लागू होईलच असं नाही. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे सगळं एकदम बंद होतं. मात्र चित्र थोडं मंद दिसतं, तेव्हा ट्यूबलाइट मालवा.

विचारलं नाहीत तरी सांगतो : हा चित्रपट पहिल्या 'पुस इन बूट्स'पेक्षा (२०११) सरळसरळ उजवा आहे आणि पहिला न बघताही कळतो. पण शीळ घालत येणारा लांडगा म्हणजे साक्षात मृत्यू आहे. सात वर्षांखालच्या मुलांना रात्री तो नको. ॲपवर चित्रपटाच्या नावाशी '७+', '१३+' अशी खूण असते आणि सोबत कारणही दिलेलं असतं. आकड्यापेक्षा ते कारण वाचा.

प्रश्न : 'लायन किंग'चा दुसरा भाग चांगला की वाईट? ऐकीव मतं दोन्ही टोकांची आहेत.
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : 'सिम्बाज प्राइड' (१९९८) हा थिएटरसाठी केलेलाच नव्हता. अलादीनच्या 'द रिटर्न ऑफ जाफर'पासून (१९९४) डिस्नेने थेट कॅसेटवर आणलेल्या पुढच्या भागांची रांग लावली, कमी पैशात, मुख्य स्टुडिओबाहेरच्या चमूंकडून. त्या रांगेतला हा बरा आहे, गाणीही चांगली आहेत. पण मूळ चित्रपटाशेजारी ठेवला की रेषा आणि रंग दोन्हींत उणा दिसतो. 'सिंड्रेला २' (२००२) तर तीन सुट्या गोष्टी शिवून केलेला आहे. शिवण उघडी दिसते. ओळखायची खूण सोपी : लांबी ७०-८० मिनिटं, साल १९९४ ते २००८ मधलं आणि थिएटरमध्ये कधी लागल्याचं कोणाला आठवत नाही.

'मोआना २' (२०२४) त्याच कुळातला, फक्त नव्या जमान्याचा. तो मालिका म्हणून सुरू झाला आणि नंतर चित्रपट झाला. नावेवर नवी माणसं चढतात, प्रत्येकाला एकेक लकब मिळते, आणि मग त्यांचं काय करायचं ते लिहिणाऱ्यालाच सुचलेलं नाही. समुद्र मात्र पुन्हा बघत राहावा असा.

प्रश्न : 'कार्स'चे तीनही भाग बघायलाच हवेत का?
— वय वर्षे १०, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : नाही रे बाबा. पहिला (२००६) बघ आणि थेट तिसऱ्यावर (२०१७) जा. दुसऱ्यात (२०११) मेटरला गुप्तहेर केलंय. ते बघितलं नाहीस तरी तिसऱ्यात काही अडत नाही. तिसऱ्यात मॅक्वीन हरायला लागतो, आणि तो पहिल्याइतका नाही तरी चांगलाच आहे.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. 'इनसाइड आउट २' तिला दाखवावा असं शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या. मला तो पहिल्याचीच नक्कल वाटला. 'फ्रोजन २'बद्दलही सांगा.
— एक आई, इंदूर

उत्तर : रचनेच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. रायली या मुलीच्या मनातल्या भावना हीच इथली पात्रं. पहिल्यात (२०१५) त्यांतली आनंद मुख्यालयाबाहेर फेकली जाते आणि मनाच्या प्रदेशातून पायपीट करत परत येते. दुसऱ्यात (२०२४) पुन्हा तेच. आमच्या कसोटीवर इथे गुण कापले जातात. पण चिंता या नव्या पात्राला ज्या तऱ्हेने लिहिलंय, त्यासाठी बाईंचा सल्ला मानावा. ती खलनायिका नाही. रायलीचं भलं व्हावं म्हणूनच ती रात्रभर 'असं झालं तर', 'तसं झालं तर' अशी चित्रं काढायला लावते. हॉकीच्या सामन्यात रायलीला बाहेर बसवतात तेव्हा तिचा श्वास अडकतो, छाती धडधडते, आजूबाजूचे आवाज पुसट होतात. आणि त्याच वेळी आत चिंता वावटळीसारखी फिरते आहे, तिला स्वतःला थांबता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला हे ओळखीचं वाटण्याची शक्यता आहे. बघताना टिप्पणी करू नका. तिला बोलायचं असेल तर ती नंतर बोलेल.

'फ्रोजन २' (२०१९) दिसायला पहिल्यापेक्षा (२०१३) श्रीमंत, कळायला अवघड. चार महाभूतं, एक पाचवं, एक धरण, आजोबांचं पाप : पाच-सहा वर्षांची मुलं मधेच उठून जातात. मोठ्या मुलींना आवडतो. हिंदीत एल्सा-अ‍ॅनाला प्रियांका आणि परिणीती चोप्रांचे आवाज आहेत.

प्रश्न : सासूबाईंना इंग्रजी उच्चार कळत नाहीत, मुलांना हिंदी आवाज 'नकली' वाटतात. एकत्र बसायचं कसं? मराठीत काही आहे का?
— एक सून, वडोदरा

उत्तर : 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत लागला होता, त्यांत मराठीही होती आणि तुमच्याकडची गुजरातीही. पण ॲपवर प्रत्येक वेळी सगळ्या भाषा मिळतात असं नाही. चित्रपट सुरू करून आवाजाच्या भाषांची यादी आधी बघून घ्या, सासूबाईंना बोलावून मग शोधू नका. चित्रपट तोडीचा आहे, मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं मुंबॅटन त्यांना मजेचं वाटेल. पण लांबी २ तास २० मिनिटं, आणि गोष्ट अर्ध्यावर तुटते. शेवट हवा असणाऱ्यांना चिडचिड होते.

एरवी सरळ हिंदी लावा आणि मुलांना इंग्रजी अक्षरं खाली लावून द्या. 'श्रेक', 'पांडा' हे बडबडीवर चालणारे चित्रपट हिंदीत चांगले चालतात. ज्यांत गाणी गोष्ट पुढे नेतात तिथे पंचाईत होते. गाण्यापुरते मूळ आवाज लावले तरी चालतं.

प्रश्न : कॉलनीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी एक संध्याकाळ पडद्यावर चित्रपट दाखवायचा आहे. कोणता घ्यावा? एकाच्या ॲपचं खातं आहे.
— मंडळाचा एक कार्यकर्ता, इंदूर

उत्तर : खातं घरच्या वापरापुरतं असतं, तिकीट लावलं नाही म्हणून मंडळाचा खेळ त्यात बसत नाही. ज्यांच्याकडे त्या चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क आहेत त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. उत्सवाच्या आठवड्यात नव्हे, निदान महिनाभर आधी विचारा. दोन-तीन पर्याय हाताशी ठेवा, पहिला मिळेलच असं नाही.

निवड दीड तासाच्या आतबाहेरची करा. 'श्रेक २' किंवा 'पांडा २' नेमके तेवढे आहेत आणि पहिला भाग न बघितलेल्या मुलांनाही लगेच कळतात. आरती आणि प्रसाद उरकून बसेपर्यंत आठ वाजतातच. २ तास २० मिनिटांचा चित्रपट लावलात तर निम्मी मुलं आयांच्या खांद्यावर झोपलेली असतील. मांडवात बाहेरचा उजेड येत असेल तर प्रोजेक्टरचं चित्र धुवून निघतं, म्हणून पडद्यासमोरची रोषणाई वेगळ्या बटणावर घ्यायला विजेवाल्याला आधीच सांगा. खालची अक्षरं मागच्या रांगेला वाचता येत नाहीत, तेव्हा आवाज हिंदीच ठेवा. आणि आरतीचे स्पीकर बहुतेक रस्त्याकडे तोंड करून लावलेले असतात. ते मुलांकडे वळवायला कोणी तरी आठवणीने नेमा.